बाकीचे चौघे कुठे गेले होते?

बकासुराच्या आख्यानात पाच पांडवांपैकी चौघे ऐन वेळी घरी नसतात. ते भिक्षेला गेलेले असतात. एकचक्रानगरीत ज्या ब्राह्मणाकडे आसरा घेतला, त्याच्या घरी त्या दिवशी भीम आणि कुंती एवढेच मागे राहिलेले, आणि पलीकडून रडण्याचा आवाज येतो. पोथी ऐकायला बसलेल्यांपैकी कुणीही विचारत नाही की अर्जुन का नाही धावून गेला. अर्जुन कुठे आहे ते पोथीने आधीच सांगून टाकलेलं असतं. तेही जाता जाता, आणि कारण इतकं साधं की त्यावर शंका घ्यावी असं कुणाच्या मनातही येत नाही. पोट भरायचं तर रोज भिक्षा मागावी लागते. कुणीतरी जाणारच.

वीरांच्या समूहकथांवरच्या या पुस्तकाची सुरुवात मी इथून करतो आहे, कारण ही गोष्ट आमच्या जिल्ह्याची आहे. वर्ध्याहून सेलूमार्गे नागपूरकडे निघालं की केळझर लागतं. तिथल्या टेकडीवरचा सिद्धिविनायक विदर्भाच्या अष्टविनायकांपैकी एक. केळझर म्हणजेच एकचक्रानगरी, गणपतीची स्थापना पांडवांनी केली आणि बकासुराला भीमाने इथेच मारलं, असं पंचक्रोशीत पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. खानदेशात एरंडोलकरही हाच मान आपल्या गावाकडे घेतात. उत्तरेतही दावेदार आहेत. खरं गाव कोणतं याचा निवाडा या पुस्तकाला करायचा नाही. एक गोष्ट इतक्या लांबलांबच्या गावांना आपलीच वाटते, ती तिच्या रचनेमुळे, असं मला वाटतं. आणि ती रचना नीट उलगडून पाहिली की शेकडो कोटी खर्चून काढलेले आजचे सिनेमे नेमके कुठे ठेचकाळतात तेही दिसू लागतं.

गेल्या दशक-दीड दशकात पडद्यावर वीरांची गर्दी झाली आहे. २०१२ च्या ‘द अ‍ॅव्हेंजर्स’मध्ये आयर्न मॅन, कॅप्टन अमेरिका, थॉर, हल्क, ब्लॅक विडो आणि हॉकआय असे सहा जण एकत्र आले. चारच वर्षांत ‘सिव्हिल वॉर’मध्ये एका विमानतळावर सहा विरुद्ध सहा अशी झुंज लागली. २०१८ चा ‘इन्फिनिटी वॉर’ आणि २०१९ चा ‘एंडगेम’ इथवर आलो तेव्हा नावं लक्षात ठेवायला बोटं पुरेनात. ‘एंडगेम’ २६ एप्रिल २०१९ ला आपल्याकडे हिंदीतही लागला आणि ज्यांनी इंग्रजी सिनेमा कधी पाहिला नव्हता अशा घरांतली पोरंही त्यातल्या एकेका वीराचा स्वभाव सांगू लागली. मग आपल्याकडेही लाट आली. रोहित शेट्टींचा ‘सिंघम अगेन’ नोव्हेंबर २०२४ मध्ये आला, तो सिंघम, सिंबा, सूर्यवंशी आणि आणखी तीन-चार पोलिस अधिकाऱ्यांना एका मोहिमेत घेऊन. मराठीत शिवकालावरचे चित्रपट आले. त्यांतही एका मोठ्या नावाभोवती अनेक शूर माणसं उभी असतात आणि प्रत्येकाला न्याय द्यायचा असतो.

न्याय हा शब्द मी मुद्दाम वापरला. गर्दीचा सिनेमा लिहिणारा लेखक सगळ्यात जास्त धसका घेतो तो याचाच. प्रत्येक वीराचा चाहता वेगळा. प्रत्येकाला दमदार प्रवेश हवा, एक खास डाव हवा, एक खाजगी दुःख हवं, एक टाळीचं वाक्य हवं. अडीच तासांचा सिनेमा आणि दहा वीर धरले तर एकाच्या वाट्याला पंधरा मिनिटं येतात. त्यातून खलनायकाची वेळ वजा, मारामारीची वजा. उरलेल्या पाच-सात मिनिटांत कुणाचंही दुःख उभं राहत नाही, त्याची नुसती वर्दी दिली जाते. पंगतीत भेदभाव करू नये, जे एकाच्या पानावर पडलं ते सगळ्यांच्या पानावर पडलं पाहिजे, हे खरं. पण गोष्ट ही पंगत नाही. तिथे सारखं वाढायला गेलं की सगळेच उपाशी उठतात. क्लोई झाओ यांचा ‘इटर्नल्स’ (२०२१) मला याच कारणासाठी हळहळ लावतो. ज्या दिग्दर्शिकेने ‘नोमॅडलँड’मध्ये एका बाईच्या एकटेपणावर अख्खा सिनेमा तोलून धरला, तिच्या हाती दहा अमर वीर आले आणि सिनेमाचा मोठा भाग त्यांना एकेक करून गोळा करण्यातच गेला. गोळा झाले तोवर त्यांच्याविषयी काही वाटायला उसंत उरली नव्हती.

यावर सहज सुचणारं उत्तर म्हणजे माणसं कमी करा. मला ते पटत नाही. अकिरा कुरोसावा यांच्या ‘सेव्हन सामुराय’मध्ये (१९५४) सात लढवय्ये आहेत आणि त्यांच्याशिवाय अख्खं गाव आहे, तरी सिनेमा संपल्यावर सातही जण वेगवेगळे आठवतात. महाभारताची तर गोष्टच सोडा. संख्या हा दोष नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि पुढची सगळी प्रकरणं त्याच्याच आधाराने लिहिली आहेत: गर्दीच्या गोष्टीत कुणाला आणायचं यापेक्षा त्या-त्या वेळी कुणाला बाहेर ठेवायचं, आणि कोणत्या कारणाने, यात लेखकाची खरी कसोटी असते. ते कारण गोष्टीच्या पोटातून आलं तर बाहेर गेलेला वीरही गोष्टीत राहतो. ते वरून चिकटवलं तर समोर उभा असलेला वीरही गोष्टीत नसतो.

आता पुन्हा त्या ब्राह्मणाच्या घरात जाऊ, कारण तिथे बघण्यासारखं बरंच आहे.

रडणं ऐकून कुंती आत जाते. नवरा, बायको, मुलगी आणि अगदी लहानगा मुलगा असं चौघांचं कुटुंब. बकासुराकडे माणूस पाठवण्याची त्यांची पाळी आली आहे. गाडाभर भात, दोन हेले आणि ते घेऊन जाणारा माणूस, असा नगरीवर बसवलेला तो कर. नवरा म्हणतो मी जातो. बायको म्हणते, मुलांना माझ्यापेक्षा तुमची गरज जास्त, मीच जाते. मुलगी म्हणते, आज ना उद्या मला या घरातून जायचंच आहे, मग आताच जाते. आणि बोबडं बोलणारं ते लहान पोर गवताची काडी हातात घेऊन म्हणतं, मी या काडीने राक्षसाला मारीन. एवढ्या आकांतात सगळ्यांना क्षणभर हसू फुटतं. महाभारतकाराने इथे वेळ घेतला आहे, भरपूर घेतला आहे. पाच महावीर हाताशी असताना त्याने आधी चार दुबळ्या माणसांना बोलू दिलं. चौघांचाही एकच हट्ट, पण प्रत्येकाचं कारण वेगळं, म्हणून चौघं वेगळी दिसतात. काय गमावलं जाणार आहे ते या घरात कळतं. शहरं कोसळवणाऱ्या, इमारतींवर इमारती पाडणाऱ्या सिनेमांना जे साधत नाही ते एका गवताच्या काडीने साधलं आहे.

कुंती म्हणते, मला पाच मुलगे आहेत, त्यातला एक जाईल. ब्राह्मण नको म्हणतो, ती ऐकत नाही. भीम तयारच असतो. मग भिक्षेहून युधिष्ठिर परततो आणि इथे गोष्ट आणखी घट्ट होते. तो आईवर रागावतो. ज्याच्या बाहुबळावर राज्य परत मिळवायचं त्यालाच राक्षसाच्या तोंडी देतेस, तुझी बुद्धी दुःखाने ढळली का, असं तो विचारतो. कुंती शांतपणे सांगते की या घराने आपल्याला आसरा दिला, ते ऋण फेडायचं आहे, आणि भीमाचं बळ मी त्याच्या जन्मापासून ओळखते. म्हणजे जे बाहेर होते ते बाहेर राहून वाया गेले नाहीत. परत आल्यावर त्यांच्या तोंडी गोष्टीतला सगळ्यात अवघड प्रश्न आहे.

आणि भीमच का? लाक्षागृहातून निसटल्यापासून पांडव भिक्षेवर जगत होते आणि मिळेल त्यातलं अर्धं एकट्या भीमाला द्यावं लागे. उरलेल्या अर्ध्यात आई आणि चार भाऊ. भीमाची भूक ही त्या घरातली रोजची अडचण होती. त्याच भीमासमोर आता गाडाभर भात आहे. रानात जाऊन तो बकासुराला हाक मारतो आणि त्याच्यासाठी आणलेलं अन्न स्वतःच खायला बसतो. राक्षस धावत येतो, मागून दोन्ही हातांनी पाठीवर रट्टे घालतो. भीम मागे वळूनही पाहत नाही, जेवण पुरं करतो, हात धुतो आणि मग उठतो. वीराचा दोष, वीराचं बळ आणि त्या दिवशीचं काम ही तीनही एकाच गाड्यात भरून आणली आहेत. अर्जुनाकडून हे काम झालं असतं, बाण मारून चटकन झालं असतं, पण ती गोष्ट कुणी सांगत बसलं नसतं.

शेवटी भीम राक्षसाचं धूड नगराच्या वेशीपाशी टाकून गुपचूप परततो. कुणी मारलं म्हणून लोक विचारतात तेव्हा एका मंत्रसिद्ध ब्राह्मणाने, एवढंच उत्तर मिळतं. दुर्योधनाच्या हेरांपासून लपायचं आहे, म्हणून नाव लपवायचं. मुखवट्याआडच्या वीराची कल्पना अमेरिकी चित्रकथांतून आली असं जी मुलं समजतात त्यांना मी हे आख्यान आवर्जून वाचायला देतो.

याच महाभारतात बाहेर ठेवण्याची याहून मोठी कारागिरी आहे ती अभिमन्यूच्या वधात. चक्रव्यूह भेदू शकणारा अर्जुन त्या दिवशी रणात असता तर ती गोष्ट घडलीच नसती. म्हणून त्रिगर्तांचा सुशर्मा आणि संशप्तक त्याला आव्हान देऊन दक्षिणेकडे ओढून नेतात. आव्हान नाकारणं अर्जुनाच्या स्वभावात नाही, म्हणून तो जातो. त्याच्या शौर्यानेच त्याला बाजूला काढलं. पण अजून चौघे आहेत. ते अभिमन्यूच्या पाठोपाठ शिरणारच. त्यांना जयद्रथ अडवतो. एका जयद्रथाने चार पांडव अडवावेत हे कसं शक्य आहे? तर वनवासात त्याने द्रौपदीचं हरण केलं होतं, भीमाने त्याला पकडून डोक्यावर पाच पाट ठेवून हजामत केली होती, त्या अपमानाने जळत त्याने शंकराची तपश्चर्या केली आणि अर्जुन सोडून बाकी चौघांना एक दिवस रोखण्याचा वर मिळवला. व्यूहाचं जे दार बंद झालं ते एका जुन्या अपमानाने बंद झालं. ते दार लेखकाच्या सोयीसाठी मिटलं असं ऐकणाऱ्याला वाटतच नाही. वाटतं की पांडवांच्या हातून तेव्हा जे घडलं ते आज पोरावर उलटलं.

‘इन्फिनिटी वॉर’चे लेखक क्रिस्टोफर मार्कस आणि स्टीफन मॅकफीली यांनी महाभारत वाचलं होतं की नाही मला ठाऊक असण्याचं कारण नाही, पण त्यांनी हीच वाट धरली. हल्क हा त्या मेळ्यातला सगळ्यात दांडगा. त्याला सुरुवातीलाच थॅनॉसकडून सपाटून मार खायला लावला आणि त्यानंतर तो बाहेर यायलाच तयार होत नाही. ज्याला राग हेच बळ, त्याला भीतीने गप्प केलं. थॉर नवं शस्त्र घडवायला दूर गेला. काही जण टायटन ग्रहावर, काही वकांडात. हॉकआय आणि अँटमॅन नजरकैदेत आहेत हे एका वाक्यात सांगून टाकलं, अगदी आपल्या भिक्षेसारखं, आणि प्रेक्षकांनी ते मान्य केलं. सगळ्या वाटा ज्याच्याकडे जातात तो थॅनॉस एकच राहिला, त्याचा प्रवास हाच सिनेमाचा कणा झाला. ‘एंडगेम’मध्ये तर त्याच्या चुटकीने निम्मे वीर नाहीसे झालेले आहेत, म्हणून मूळच्या सहा जणांना तीन तासांच्या सिनेमात निवांत दुःख करायला जागा मिळते. इतका मोठा जमाव गोष्टीबाहेर काढण्यासाठी याहून चोख कारण मला दुसरं आठवत नाही, कारण तीच तर गोष्ट आहे.

पण त्याच सिनेमात कॅप्टन मार्व्हल आहे. तिचं बळ इतकं की ती हजर असेल तर बाकीच्यांना करायला काही उरत नाही. तिला बहुतेक वेळ दूर ठेवलं आहे आणि कारण दिलं आहे की विश्वात इतर ग्रहांनाही तिची गरज आहे. हे कारण लंगडं आहे. ते ग्रह आपण पाहत नाही, तिथलं रडणं ऐकू येत नाही. भिक्षेचं कारण टिकतं ते त्याच घरातल्या भुकेतून आलं म्हणून; हे बाहेरून आणलेलं आहे. याआधी ‘एज ऑफ अल्ट्रॉन’मध्ये (२०१५) थॉर मध्येच एका गुहेतल्या पाण्यात दृष्टान्त घ्यायला जातो, तो भाग तर आणखी वाईट. तिथे तो या गोष्टीसाठी गेलेला नाही, पुढच्या सिनेमांची सोय लावायला गेला आहे, आणि बसल्या जागी प्रेक्षकाला ते कळतं.

अतिबलवान वीराचं काय करायचं हा प्रश्न आपल्या लोककथांनी फार धीटपणे सोडवला आहे. घटोत्कचाचा मुलगा बर्बरीक तीन बाणांत युद्ध संपवू शकतो आणि हरणाऱ्याच्या बाजूने लढायचं त्याने वचन दिलेलं आहे. तो रणात उतरला तर युद्ध कधीच संपणार नाही, कारण हरणारी बाजू रोज बदलेल. म्हणून कृष्ण त्याच्याकडे त्याचं मस्तक मागतो, आणि ते मस्तक टेकडीवरून सगळं युद्ध पाहतं. राजस्थानात खाटूश्याम म्हणून त्याची पूजा होते. त्याला बाहेर ठेवण्याची किंमत त्याच्या प्राणांनी चुकवली गेली, म्हणून तो लक्षात राहिला.

आणि मग आमचा रुक्मी. आर्वीच्या पलीकडे, वर्धा नदीच्या त्या काठावर अमरावती जिल्ह्यात कौंडिण्यपूर आहे. रुक्मिणीचं माहेर म्हणून आपण ते ओळखतो, आषाढीला तिथून पंढरपूरला पालखी जाते. रुक्मिणीच्या भावाकडे मात्र सहसा कुणी बघत नाही. बहिणीला कृष्णाने नेलं, कृष्णाला मारल्याशिवाय नगरात पाऊल ठेवणार नाही अशी शपथ घेऊन रुक्मी पाठलागावर गेला, हरला, आणि शपथेखातर कौंडिण्यपुरात परतलाच नाही; भोजकट वसवून तिथे राहिला. उद्योगपर्वात तो मोठी सेना घेऊन पांडवांच्या छावणीत येतो आणि अर्जुनाला म्हणतो, भीती वाटत असेल तर मी मदतीला आहे. अर्जुन हसून नकार देतो. मग तो दुर्योधनाकडे जातो. दुर्योधनालाही मान आडवा येतो, तोही नको म्हणतो. भारतवर्षातले सगळे राजे कुरुक्षेत्रावर लढले; बलराम तीर्थयात्रेला गेला आणि विदर्भाचा रुक्मी परत पाठवला गेला, असे दोघेच युद्धाबाहेर राहिले. पराक्रमी माणूस, सैन्यासह दारात उभा, आणि दोन्ही बाजूंना नको. इतक्या मोठ्या गर्दीतही एका माणसाच्या बाहेर राहण्याला व्यासांनी स्वतंत्र प्रसंग दिला, त्यात त्याचा, अर्जुनाचा आणि दुर्योधनाचा असा तिघांचाही स्वभाव दाखवून घेतला. विदर्भातल्या लिहिणाऱ्यांनी रुक्मीवर आजवर जेवढं लिहायला हवं होतं तेवढं लिहिलेलं नाही असं मला मनापासून वाटतं.

‘सिंघम अगेन’कडे या नजरेने पाहिलं की त्याचं दुखणं कळतं. रामायणाचा सांगाडा घेतला हे चांगलं केलं. हरण झालेली बायको, समुद्रापलीकडचा खलनायक, मदतीला येणारे एकेक जण. पण आलेला प्रत्येक वीर शिट्ट्यांच्या गजरात येतो, हेलिकॉप्टरमधून येतो, आणि आल्यानंतर त्याच्यावाचून अडेल असं काम त्याच्यासाठी ठेवलेलं नाही. कुणी याआधी कुठे होता आणि का आला नाही, हेही विचारावंसं वाटत नाही. हनुमानाला समुद्र ओलांडायचं काम होतं आणि ते दुसऱ्या कुणाला जमणारं नव्हतं. नळाला सेतू बांधायचा होता.

मराठीत मला या बाबतीत ‘पावनखिंड’ (२०२२) अभ्यास करण्यासारखा वाटतो. दिग्पाल लांजेकरांच्या शिवकालीन चित्रपटांत माणसं खूप असतात आणि काही वेळा परिचयांची रांग लागते, हे खरं आहे. पण त्या प्रसंगाची रचना मुळातच भक्कम आहे. जुलै १६६० मध्ये सिद्दी जौहरचा पन्हाळ्याला पडलेला वेढा, महाराजांच्या वेषात पालखीत बसून गेलेला शिवा काशीद, पावसातली ती रात्र, आणि मग घोडखिंड. गोष्टीतला सगळ्यात मोठा वीर तिथे असेल तर बाजीप्रभूंची गोष्ट होऊ शकत नाही. महाराजांनी पुढे गेलंच पाहिजे. ते जातात ते सुरक्षित कोपऱ्यात बसायला नाही, कारण विशाळगडाच्या पायथ्याशी सुर्वे आणि दळवी यांचा वेढा आहे आणि तो फोडून वर चढायचं आहे. खिंडीत उभ्या असलेल्यांचे कान गडावरच्या तोफांकडे लागलेले. दोन ठिकाणी दोन लढाया, आणि एकीचा शेवट दुसरीच्या आवाजावर अवलंबून. चिन्मय मांडलेकरांचे महाराज पडद्यावर नसतानाही अजय पुरकरांच्या बाजीप्रभूंच्या प्रत्येक वारात ते आहेत. पोवाड्यांनी हा प्रसंग इतकी वर्षं जिवंत ठेवला, त्यात या रचनेचा वाटा मोठा आहे.

ज्यांच्याकडे शस्त्र नाही अशांच्या जमावाची गोष्ट हवी तर नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ आहे, आमच्या शेजारच्या नागपुरातला, त्याच वर्षीचा. फुटबॉल खेळणारी झोपडपट्टीतली इतकी पोरं, सगळ्यांना नावं आहेत. मंजुळे सामना मध्येच उरकतात आणि उत्तरार्धात एकेकाला मैदानाबाहेर घेऊन जातात. पासपोर्टसाठी ओळखीचा कागद मिळवत दारोदार फिरणाऱ्या बाप-लेकीच्या मागे कॅमेरा शांतपणे चालत राहतो, तेवढा वेळ बाकीचा संघ विसरला तरी चालतो. काहींना तो भाग लांबला असं वाटलं. मला तो सिनेमाचा प्राण वाटतो.

आणि ‘सिंहासन’ (१९७९). परतवाड्यात जन्मलेल्या अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्या, विजय तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, आणि अरुण सरनाईक, श्रीराम लागू, सतीश दुभाषी यांच्यासारखे एकापेक्षा एक तगडे नट. वीर त्यात कुणीच नाही, पण गर्दीची अडचण तीच. ती सोडवली निळू फुले यांच्या दिगू टिपणीसने. तो पत्रकार आहे, त्याला कुठेही शिरता येतं आणि काहीही बदलता येत नाही. सगळ्यांपेक्षा दुबळा माणूस सगळ्यांना एका धाग्यात ओवतो. मी समूहकथा लिहू पाहणाऱ्या मुलांना ‘एंडगेम’च्या आधी ‘सिंहासन’ बघायला सांगतो.

माझ्याच म्हणण्याला आडवी येणारी एक गोष्ट इथेच मांडायला हवी. महाभारतकारालाही सगळं साधलेलं नाही. नकुल आणि सहदेव यांचं काय? अज्ञातवासात एकाला घोडे दिले, दुसऱ्याला गाई, तेवढ्यापुरते ते वेगळे दिसतात आणि पुन्हा जोडीत विरघळतात. अठरा पर्वांत त्यांना बाहेर ठेवण्याचं कारण दिलं गेलं नाही, कारण ते आत होते. फक्त त्यांच्याकडे कुणी पाहिलं नाही. अ‍ॅव्हेंजर्समध्ये ब्लॅक विडोचं तेच झालं. पहिल्या सहांत असूनही तिला स्वतःचा चित्रपट मिळाला २०२१ मध्ये, ‘एंडगेम’मध्ये तिचा मृत्यू होऊन गेल्यावर.

आणि खऱ्या माणसांच्या बाबतीत हा प्रश्न जड होतो. १९३० आणि ४० च्या दशकांत वर्ध्यात मोठ्या माणसांची जी दाटी होती तशी देशात फार कमी ठिकाणी असेल. जमनालाल बजाज, विनोबा, मगनवाडीत ग्रामोद्योग उभे करणारे कुमारप्पा, नई तालीम चालवणारं आर्यनायकम दांपत्य, महादेवभाई, मीराबेन, किशोरलाल मश्रूवाला, आणि सेवाग्रामला स्वतः गांधीजी. १४ जुलै १९४२ ला काँग्रेस कार्यकारिणीने ब्रिटिशांनी भारत सोडावा असा ठराव केला तो वर्ध्यातच. रिचर्ड अ‍ॅटनबरो यांनी १९८२ मध्ये ‘गांधी’ केला तेव्हा तीन तासांत यातले बहुतेक जण मावले नाहीत. ते एक वेळ समजू शकतं. पण त्या सिनेमात डॉ. आंबेडकर नाहीत आणि सुभाषचंद्र बोसही नाहीत. कथानक सुटसुटीत झालं. मात्र ज्यांनी गांधींना सगळ्यात कठीण प्रश्न विचारले तेच बाहेर राहिले. युधिष्ठिर भिक्षेहून परत आलाच नसता तर बकासुराच्या आख्यानाचं जे झालं असतं ते इथे झालं. काल्पनिक वीराला बाहेर ठेवणं ही कारागिरी आहे. इतिहासातल्या माणसाला बाहेर ठेवलं तर त्याच्यामागे उभ्या असलेल्या लाखोंनाही बाहेर ठेवलं जातं. जब्बार पटेलांचा ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ २००० मध्ये आला, म्हणजे अठरा वर्षांनी. शिवकालावर, स्वातंत्र्यलढ्यावर लिहिणाऱ्या मराठी पटकथाकाराला हे ओझं घेऊनच बसावं लागतं, आणि त्याला सोपं उत्तर नाही. पाचव्या प्रकरणात मी ते शोधायचा प्रयत्न केला आहे.

कीर्तनकाराला ही अडचण कधी पडली नाही. तो उत्तररंगात एकच आख्यान लावतो आणि बाकीचं महाभारत ऐकणाऱ्यांच्या मनात आधीपासून आहे यावर विसंबून राहतो. सिनेमाच्या लेखकाला तसं विसंबता येत नाही, आणि आजकाल तो विसंबतो ते मागच्या बारा सिनेमांवर, हे मला घातक वाटतं. ज्याने ते पाहिले नाहीत त्याच्यासाठी समोरचा वीर कोराच राहतो. म्हणून या पुस्तकात ज्या-ज्या चित्रपटाची चर्चा आहे त्याची गोष्ट मी प्रकरणाच्या सुरुवातीला पूर्ण सांगितली आहे, आर्वी-हिंगणघाटच्या कॉलेजात शिकणाऱ्या ज्या मुलाने तो पाहिलेला नाही त्यालाही पुढचं वाचता यावं म्हणून. रामायणातली वानरसेना, दूरदर्शनच्या पौराणिक मालिका आणि जपानी चित्रकथा मी घेतलेल्या नाहीत. मालिकेला शंभर भाग मिळतात, चित्रकथेला वर्षानुवर्षं मिळतात, तिथे वीरांना वाट पाहायला लावता येते. एका बैठकीत संपणाऱ्या गोष्टीचे प्रश्न वेगळे आहेत, आणि मला त्यांच्याशीच थांबायचं होतं.